वधस्तंभ : शिक्षेचें साधन आणि श्रद्धेची खूण



ख्रिस्ती धर्माची खूण कोणती असें विचारलें, तर लहान मूलहि ‘क्रूस’ हेंच उत्तर देईल. देवळाच्या शिखरावर, कबरीच्या दगडावर, गळ्यांतल्या साखळींत ती खूण इतकी नित्य दिसते कीं, मुळांत ती काय वस्तु होती याची आठवणच पुसट झाली आहे. ‘क्रूस’ हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनीं मात्र ‘वधस्तंभ’ असा शब्द योजिला. मला हा दुसरा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. त्यांत सोनें नाहीं, नक्षी नाहीं. माणसाला ठार मारण्याचा खांब, एवढाच त्याचा अर्थ. अशा साधनाला एका जगद्व्यापी धर्मांत पवित्र स्थान कसें मिळालें, आणि त्या मरणाचा आजच्या श्रद्धावंताला कोणता अर्थ उरतो, या प्रश्नांचा आज आपण विचार करूं.

प्रथम इतिहास पाहूं. रोमन राज्यांत ही शिक्षा सर्वांना सारखी नव्हती. रोमन नागरिकाला ती सहसा देत नसत. ती गुलामांसाठीं, बंडखोरांसाठीं आणि ज्यांच्या पाठीशीं कोणी उभें राहणार नाहीं अशा परकीयांसाठीं होती. इ. स. पूर्वीं ७१ मध्यें स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालीं झालेलें गुलामांचें बंड मोडल्यावर सुमारें ६,००० कैद्यांना काप्वापासून रोमपर्यंतच्या हमरस्त्याच्या कडेनें खांबांवर खिळण्यांत आलें. नुसता प्राण घ्यावयाचा असता तर तलवार पुरेशी होती. येणाऱ्याजाणाऱ्यानें पाहावें, भ्यावें, आणि मरणाऱ्याची अब्रूहि त्याच्या प्राणाबरोबर जावी, हा या शिक्षेचा खरा हेतु होता. १९६८ सालीं जेरुसलेमजवळच्या एका थडग्यांत पहिल्या शतकांतील एका मनुष्याच्या टाचेचें हाड सांपडलें. त्यांत लोखंडी खिळा तसाच रुतून राहिलेला होता. ग्रंथांतील वर्णनाला मिळालेला हा मूक पुरावा होय.

नासरेथकर येशूचा वध इ. स. ३० च्या सुमारास, तिबेरियस बादशहाच्या कारकीर्दींत, यहुदीयाचा रोमन अधिकारी पंतय पिलात याच्या हुकमानें झाला. ही गोष्ट केवळ शुभवर्तमानांत आहे असें नाहीं; टॅसिटस या रोमन इतिहासकारानेंहि दुसऱ्या शतकाच्या आरंभीं तिचा उल्लेख केला आहे, आणि त्याच्या मनांत ख्रिस्ती लोकांविषयीं कसलाहि कळवळा नव्हता. पिलाताचें नांव कोरलेला एक शिलालेख १९६१ सालीं कैसरिया येथें सांपडला. येशूच्या माथ्यावर लाविलेल्या फळीवर तो यहुद्यांचा राजा असल्याचा आरोप लिहिला होता, असें शुभवर्तमानें सांगतात. म्हणजे राज्यकर्त्यांच्या दृष्टीनें हा राजद्रोहाचा खटला होता. शिष्यांपैकीं बहुतेक पळाले. कांहीं स्त्रिया मात्र दुरून पाहत राहिल्या. मरणाऱ्याच्या तोंडीं मार्क या शुभवर्तमानकारानें जे अखेरचे शब्द घातले आहेत, ते समाधानाचे नाहींत. देवानें आपल्याला कां टाकिलें, असा तो आक्रोश आहे.

येथेंच सर्व संपावयास हवें होतें. त्या काळीं या रीतीनें मारल्या गेलेल्या हजारोंपैकीं फारच थोड्यांचीं नांवें आज आपणांस ठाऊक आहेत. परंतु येशूच्या अनुयायांची अशी दृढ श्रद्धा झाली कीं, देवानें त्याला मरणांतून उठविलें. पुनरुत्थान इतिहासाच्या साधनांनीं सिद्ध करितां येत नाहीं व खोडूनहि काढितां येत नाहीं. मात्र ती श्रद्धा उत्पन्न झाली, आणि तिनें त्या मरणाचा अर्थ उलटा केला, हें ऐतिहासिक सत्य आहे. आपल्या परिचयाची उपमा द्यावयाची तर, खालच्या न्यायालयानें दोषी ठरविलेल्या मनुष्याला वरच्या न्यायालयानें निर्दोष सोडावें, आणि त्याबरोबर न्यायाधीशच आरोपी ठरावेत, तसें हें झालें. राज्यानें ज्याला टाकाऊ ठरविलें, त्याच्या बाजूनें देव उभा राहिला, ही ख्रिस्ती श्रद्धेची मूळ घोषणा होय.

ही घोषणा त्या काळच्या सुशिक्षितांना हास्यास्पद वाटे. यहुद्यांना ती अडखळण आणि ग्रीकांना वेडगळपणा वाटतो, अशी कबुली संत पौलानेंच करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत दिली आहे. रोममधील पॅलाटाइन टेकडीवर १८५७ सालीं एका जुन्या भिंतीवर ओरखडून काढलेलें चित्र आढळलें. खांबावर खिळलेला एक देह आहे, त्याला डोकें गाढवाचें आहे, आणि खालीं हात उंचावलेला एक मनुष्य आहे. हा अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करीत आहे, अशा अर्थाची टवाळी शेजारीं ग्रीक भाषेंत खरडली आहे. हें चित्र इ. स. २०० च्या सुमाराचें मानितात. वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकीं एक कोणा चेष्टेखोरानें काढावें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. ख्रिस्ती लोक स्वतः त्या काळीं आपल्या थडग्यांवर मासा, नांगर किंवा मेंढपाळ काढीत. वधस्तंभ काय असतो हें त्यांना फार चांगलें ठाऊक होतें.

चौथ्या शतकांत पारडें फिरलें. ३१२ सालीं रोमजवळ मिल्व्हियन पुलापाशीं झालेल्या लढाईपूर्वीं कॉन्स्टंटाइननें आपल्या सैनिकांच्या ढालींवर ख्रिस्ताची खूण काढविली, असें त्या काळच्या एका ख्रिस्ती लेखकानें नमूद केलें आहे. लढाई जिंकली गेली. पुढें ही शिक्षा रोमन राज्यांतून नाहींशी झाली आणि ती खूण राजचिन्ह बनली. रोमच्या सांता साबिना या देवळाच्या लांकडी दारावर सुमारें ४३० च्या काळांतला क्रूसविद्ध ख्रिस्त कोरलेला आहे. सर्वांसमक्ष मांडलेल्या अशा प्रतिमांपैकीं ती अगदीं जुनी समजतात. खरा वधस्तंभ ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिला होता ती पिढी सरल्यावरच तो कोरण्याचें धैर्य झालें असावें.

परंतु ज्या सत्तेनें येशूला मारिलें, त्याच सत्तेच्या हातांत आतां त्याची खूण आली होती. त्याचें फळ कटु निघालें. १०९६ सालीं, पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळीं, अंगरख्यावर कापडी क्रूस शिवलेल्या टोळ्यांनीं ऱ्हाइन नदीकांठच्या स्पायर, वर्म्स आणि माइन्त्स या गांवीं यहुद्यांची कत्तल केली. रोमन अधिकाऱ्यानें दिलेल्या शिक्षेचें पाप एका संपूर्ण लोकसमूहाच्या माथीं मारण्यांत आलें, आणि स्वतः येशू यहुदी होता याचा विसर पडला. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं हा आरोप अधिकृतपणें नाकारिला. तोंवर या खुणेखालीं किती रक्त सांडलें होतें!

पंडितांनींहि या मरणाचा अर्थ लावण्याचे यत्न केले. कँटरबरीच्या ॲन्सेल्मनें १०९८ च्या सुमारास असें मांडिलें कीं, माणसाच्या पापानें देवाच्या मानाची जी हानि झाली, ती भरून काढणें मानवाला शक्य नव्हतें. म्हणून देवानेंच मानव होऊन ती भरून दिली. सरदार आणि कुळें यांच्या त्या जगांत मानहानीची भरपाई ही गोष्ट सर्वांस समजण्यासारखी होती. थोड्याच काळानें पॅरिसच्या आबेलार्दनें दुसरी बाजू घेतली : देवाला रक्ताची गरज कां असावी? येशूच्या मरणांत प्रेमाची परमावधि दिसते, आणि ती पाहून माणसाचें हृदय पालटतें, हाच त्या मरणाचा गुण. हा वाद अजून मिटलेला नाहीं. आजहि अनेक ख्रिस्ती घरांत एखादा विचारी मुलगा आपल्या वडिलांस आबेलार्दचाच प्रश्न विचारीत असेल.

मला मात्र असें वाटतें कीं, या मरणाचा अर्थ पंडितांपेक्षां पीडितांनीं अधिक अचूक ओळखिला. मॅथियास ग्र्यूनेवाल्ड या जर्मन चित्रकारानें १५१२ ते १५१६ या काळांत इझेनहाइम येथील मठासाठीं एक भव्य वेदीचित्र केलें. तें आज फ्रान्समधील कोल्मार येथें आहे. त्या मठांत, बुरशी लागलेल्या धान्यापासून होणाऱ्या एका भयंकर रोगाचे रुग्ण ठेवीत. त्यांचें अंग जळे, हातपाय सडून जात. त्या चित्रांतील ख्रिस्ताचा देह हिरवट पडला आहे आणि सर्वांगावर व्रण आहेत. रोग्यांना त्यापुढें नेत. आपलेंच शरीर त्यांना तेथें दिसे. त्यांच्या रोगाचें कारण तें चित्र सांगत नव्हतें. या रोगांत तुम्ही एकटे नाहीं, एवढेंच सांगत होतें.

विसाव्या शतकानें हाच अर्थ पुन्हां शोधून काढिला. १९३८ सालीं, जर्मनींत यहुद्यांचा छळ शिगेला पोंचत असतां, मार्क शगाल या यहुदी चित्रकारानें ‘श्वेत क्रूसारोहण’ हें चित्र काढिलें. त्यांतील येशूच्या कमरेला यहुद्यांचें प्रार्थनावस्त्र आहे आणि भोंवतीं जळतीं घरें व पळणारीं माणसें आहेत. ज्यांच्यावर ती खूण शतकानुशतकें उगारली गेली, त्यांच्यापैकींच एकानें ती अशी परत मागून घेतली. हिटलरला विरोध करणाऱ्या डीट्रिख बोनहॉफर या पाद्र्यानें १९४४ सालीं तुरुंगांतून लिहिलेल्या पत्रांत, दुःख भोगणारा देवच माणसाला साह्य करूं शकतो, असा विचार मांडिला. ९ एप्रिल १९४५ रोजीं त्याला फांशी देण्यांत आलें. युर्गेन मोल्टमान हा १९४३ मध्यें हॅम्बुर्गवरील बाँबवर्षावांत सांपडलेला सतरा वर्षांचा मुलगा. शेजारीं उभा असलेला मित्र क्षणांत नाहींसा झाला आणि देव कोठें आहे हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहिला. १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘क्रूसविद्ध देव’ या ग्रंथांत त्यानें उत्तर दिलें कीं, देव त्या मरणाचा प्रेक्षक नव्हता; तें दुःख त्याच्या स्वतःच्या अंतर्यामीं शिरलें. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय धर्मशास्त्री जेम्स कोन यानें २०११ सालीं असें विचारिलें कीं, ज्या झाडांवर निग्रो बांधवांना जमावानें लटकाविलें, त्या झाडांत गोऱ्या ख्रिस्ती लोकांना वधस्तंभ कसा दिसला नाहीं?

आपल्या देशांतहि हा प्रश्न परका राहिला नाहीं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटानें येशूची कथा मराठी ओवींत गुंफिली. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत छापलें गेलें. रेव्हरंड टिळकांनीं आरंभिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. १९३१ च्या डिसेंबरांत गोलमेज परिषदेहून परततांना महात्मा गांधी व्हॅटिकनमधील क्रूसविद्ध ख्रिस्ताच्या मूर्तीपुढें उभे राहिले आणि हेलावून गेले. राष्ट्रें दुसऱ्यास यातना देऊन नव्हे, तर स्वेच्छेनें यातना सोसून घडतात, असा बोध त्यांनीं त्यांतून घेतला. पुढें १९८१ सालीं बंगलोर येथें अरविंद निर्मळ यांनीं अस्पृश्य गणलेल्या ख्रिस्ती जनांच्या अनुभवावर उभें राहणारें धर्मशास्त्र हवें, असें प्रतिपादन केलें. ‘दलित’ म्हणजे मोडलेला, भरडलेला. आणि वधस्तंभावरील ख्रिस्त तसाच आहे, हें त्यांच्या विचारांचें सूत्र पुढें स्पष्ट झालें.

येथें एक धोका सांगितला पाहिजे. ‘आपला क्रूस निमूटपणें वाहा’ असा उपदेश गुलामांना मालकांनीं केला आहे आणि मार खाणाऱ्या बायकांना घरच्या वडीलधाऱ्यांनीं केला आहे. हा त्या मरणाचा विपर्यास होय. स्वेच्छेनें दुसऱ्यासाठीं सोसणें निराळें, आणि दुसऱ्यानें लादलेला अन्याय पवित्र मानणें निराळें. येशूनें खिळे मागितले नव्हते. तो सत्य बोलण्यापासून हटला नाहीं, म्हणून ते त्याला ठोकण्यांत आले. त्याच्या यातनेंत पावित्र्य असेल तर तें त्याच्या निष्ठेचें आहे, हातोड्याचें नव्हे. म्हणून आजच्या ख्रिस्ती मनुष्याला त्या खुणेपुढें दोन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात : माझ्या दुःखांत देव माझ्याजवळ आहे यावर माझा विश्वास आहे काय? आणि माझ्या गांवांत आज कोणाला खिळण्यांत येत आहे, व मी त्या वेळीं कोठें उभा आहें? पहिला प्रश्न सांत्वनाचा, दुसरा परीक्षेचा. एकाला सोडून दुसरा टिकत नाहीं.

उत्तम शुक्रवारीं कॅथॉलिक देवळांत वेदीवर वस्त्र नसतें, घंटा वाजत नाहीं, मिस्सा होत नाहीं. पुनरुत्थानाचा रविवार दोनच दिवसांवर असतो हें सर्वांना ठाऊक असतें. तरीहि त्या दिवशीं कोणी त्याची घाई करीत नाहीं. लोक एकेक करून पुढें येतात, त्या लांकडाला ओठ लावितात आणि निमूटपणें घरीं जातात.