खिळ्याची कुळकथा

शिशाची जेमतेम इंचभर उंचीची चौकोनी कांडी, तिच्या एका टोकाला उलटं कोरलेलं अक्षर. छापखान्यातल्या या वस्तूला मराठीत खिळा म्हणतात. गेल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मराठीतली बहुतेक वर्तमानपत्रं, क्रमिक पुस्तकं आणि लग्नपत्रिका याच खिळ्यांवरून कागदावर उतरत होत्या. अक्षरं जुळवणारा कंपॉझिटर ‘केस’ म्हणजे खिळ्यांच्या घरांच्या पेटीसमोर उभा राहून एकेक खिळा उचलायचा, स्टिक नावाच्या हातपट्टीत लावायचा आणि ओळी जमल्या की त्या गॅली नावाच्या तबकात सरकवायचा. पुढे ऑफसेट आणि संगणक आले आणि मणामणानं खिळे वजनावर विकले गेले, वितळवले गेले. यंत्रशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी मात्र असा एखादा खिळा मिळवून जरूर हातात घ्यावा, कारण साडेपाचशे वर्षांची कारागिरी आणि डोकेफोड त्यात साठलेली आहे.

खिळ्याचं सगळं इंगित त्याच्या मापांत आहे. पुस्तकाच्या एका पानावर हजार-दोन हजार खिळे शेजारी शेजारी उभे असतात. त्यातला एक जरी केसभर उंच राहिला तरी तो कागदात रुततो. एक जरी बुटका निघाला तर त्याला शाई लागत नाही. इंग्लंड-अमेरिकेत ही उंची 0.918 इंच ठरलेली होती, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत हिशेब. ओळीला काटकोनात राहणारी जाडीही सगळ्या खिळ्यांची एकच लागते, नाहीतर ओळ वाकडी होते. रुंदी मात्र अक्षरागणिक बदलते, कारण रोमन लिपीतलं एम रुंद आणि आय अरुंद. दोन मापं काटेकोर पक्की आणि तिसरं मोकळं, असा हा पेच आहे.

चीनमध्ये बी शेंगनं 1040च्या दशकात भाजलेल्या मातीची सुटी अक्षरं केली होती. कोरियात 1377 साली धातूच्या सुट्या अक्षरांनी छापलेला ‘जिकजी’ हा बौद्ध ग्रंथ आजही अस्तित्वात आहे. तेव्हा सुटी अक्षरं ही योहानेस गुटेनबर्गची कल्पना नव्हे. माइन्झ शहरातल्या, सोनारकामाशी परिचय असलेल्या या माणसाचं श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे. एकसारखे खिळे हवे तेवढे पाडता येतील अशी पद्धत त्यानं उभी केली, आणि 1455च्या सुमाराला लॅटिन बायबल छापून पुरं केलं.

युरोपात पुढे जी पद्धत रूढ झाली, तिच्यात पोलादाच्या दांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरत. हा पंच तांब्याच्या पट्टीवर ठोकला की तिथे सुलट अक्षराचा खळगा उमटे; ती मातृका. मग मातृका हातसाच्याच्या तळाशी बसवून वरून वितळलेला धातू ओतायचा. हातसाचा म्हणजे एकमेकांवर सरकणारे दोन काटकोनी तुकडे. ते जवळ आणले की मधली पोकळी अरुंद होते, लांब नेले की रुंद. उंची आणि जाडी मात्र तुकड्यांच्या घडणीतच बांधलेली असल्यामुळे तसूभरही हलत नाही. वर सांगितलेला पेच या दोन काटकोनांनी सोडवला. भूमितीचा इतका नेटका उपयोग केलेली अवजारं जगात थोडीच असतील.

हे सगळं एकट्या गुटेनबर्गनं एका दमात केलं, असं मात्र समजू नये. 2001 साली पॉल नीडहॅम आणि ब्लेझ आग्वेरा इ आर्कास या अभ्यासकांनी त्याच्या सुरुवातीच्या छपाईतली अक्षरं संगणकावर एकमेकांशी ताडून पाहिली. एकाच मातृकेतून पडलेली असावीत, इतकी ती सारखी नव्हती. पंच, मातृका आणि साचा यांची घडी पुढच्या काही दशकांत, अनेक हातांनी बसवली असावी, असं त्यावरून दिसतं. शोध लागतात ते बहुधा असेच.

धातूची गोष्टही अशीच चिकाटीची. नुसतं शिसं मऊ असतं. छापता छापता अक्षराच्या कडा लवकर बसतात. शिवाय थंड होताना ते आक्रसतं आणि मातृकेच्या कोपऱ्यांपासून सुटतं. त्यात कथील मिसळलं की रस पातळ होऊन बारीक रेषांत शिरतो. अँटिमनी घातलं की खिळा कडक होतो आणि आक्रसणं पुष्कळ कमी होतं. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं हे त्रिकूट विसाव्या शतकापर्यंत टिकलं.

हातसाच्यावर कुशल ओतारी दिवसाला साधारण चार हजार खिळे पाडी. रस ओतताच साचा झटक्यानं वर उचलायचा, म्हणजे धातू मातृकेत नीट बसे, हे दिवसभर. 1838 साली न्यू यॉर्कच्या डेव्हिड ब्रूसनं हा झटका यंत्राला शिकवला. त्याच्या यंत्रात साचा पुढेमागे डोलत धातूच्या भांड्याच्या तोंडाशी जाई आणि पंपानं रस आत दाबला जाई. पुढची कित्येक दशकं जगभरच्या फाउंड्र्यांत हेच यंत्र चाललं.

हिंदुस्थानात छपाई गोव्यातून शिरली. 1556 साली जेझुइट पाद्र्यांचा ॲबिसिनियाला निघालेला छापखाना गोव्यात उतरला तो तिथेच राहिला. वीस-बावीस वर्षांत लोहारकाम आणि घड्याळकाम जाणणाऱ्या ज्युआंव गोन्साल्विस या स्पॅनिश धर्मबंधूनं तमिळ अक्षरांचे खिळे पाडले. मराठीच्या वाट्याला मात्र ते भाग्य यायला फार उशीर झाला. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राचोल इथे छापलं गेलं ते रोमन लिपीत. 1670च्या दशकात सुरतेच्या भीमजी पारेख या व्यापाऱ्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या मागे लागून इंग्लंडहून हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मागवला. आपल्याकडचे जुने ग्रंथ छापावेत ही भीमजीची हौस. पण आलेला माणूस छापणारा होता, अक्षरं कोरणारा नव्हता. हौस राहूनच गेली. कोणत्याही प्रकल्पात नेमका कोणता कारागीर हवा हे आधी ओळखावं लागतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

तो कारागीर शंभर वर्षांनी बंगालमध्ये भेटला. 1778 साली चार्ल्स विल्किन्सनं बंगाली खिळे तयार केले, त्यात पंचानन कर्मकार हा धातूकाम करणाऱ्या घरातला माणूस त्याचा सोबती होता. पुढे पंचानन विल्यम कॅरेच्या श्रीरामपूरच्या छापखान्यात गेला, देवनागरीचे खिळे घडवू लागला आणि जावई मनोहरलाही त्यानं तयार केलं. कॅरेचं मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपुराहून निघालं. मराठी अक्षर छापील रूपात आलं ते असं हुगळीच्या काठावर, एका बंगाली कारागिराच्या पोलादातून.

देवनागरीचा खिळा घडवणं रोमनपेक्षा कितीतरी अवघड आहे. रोमन लिपीची छोटी-मोठी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं धरून शे-सव्वाशे खिळ्यांत भागतं. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार; पायाशी उकार; आणि जोडाक्षरांचा तर सुकाळ. प्रत्येक रूपासाठी वेगळा खिळा धरला तर संख्या शेकड्यांनी वाढते. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांनी यावर जी तोड वापरली, तिचं नाव डिग्री. यात ओळीचे तीन मजले पाडले. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्यावर मात्रा आणि अनुस्वार, खालच्यावर उकार, आणि तिन्हींचे खिळे वेगळे. खिळ्यांची संख्या घटली, पण कंपॉझिटरला एका ओळीसाठी तीन ओळी जुळवाव्या लागू लागल्या. दुसरी पद्धत अखंड खिळ्यांची: तिच्यात अक्षर मात्रेसकट एका अंगावर ओतलेलं. ती दिसायला देखणी आणि जुळवायला सोपी, पण केसमधली घरं वाढवणारी. दोन्हींत काही मिळतं, काही सोडावं लागतं. अभियंत्याच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय याच जातीचे असतात, म्हणून हा तपशील इथे मुद्दाम दिला.

मिशनच्या या छापखान्यानं मुंबईला माणसं दिली. तिथली छपाई पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचं शिळायंत्र उभारलं, शाई स्वतः केली, 1831 साली पंचांग छापलं आणि पुढे खिळेही पाडले. कोणतीही शाळा त्यांना हे शिकवायला नव्हती. जावजी दादाजी लहानपणी याच छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले. 1864 साली त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा पंच कोरणारा त्यांना मिळाला आणि निर्णयसागरचं वळण साऱ्या देशात नमुना मानलं जाऊ लागलं. काशीपासून मद्रासपर्यंतच्या संस्कृत पंडितांच्या घरी निर्णयसागरच्या पोथ्या असत.

पश्चिमेत तोवर गाडी पुढे गेली होती. बाल्टिमोरमध्ये स्थायिक झालेल्या ओटमार मर्गेनथालर या जर्मन घड्याळजीचं लायनोटाइप 1886 साली ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’मध्ये सुरू झालं; 90 कळा, आणि अख्खी ओळ एकसंध ओतून बाहेर. वॉशिंग्टनच्या पेन्शन कचेरीत काम करणाऱ्या टॉलबर्ट लॅन्स्टननं 1887 साली मोनोटाइपचं पेटंट घेतलं. त्यात सुटी अक्षरं कागदी पट्टीवरच्या भोकांच्या हुकमानं पडत. लंडनमध्ये फ्रेडरिक विक्सनं साच्यांचं फिरतं चाक बनवलं. ‘टाइम्स’नं ते इतकं वापरलं की छापून झालेले खिळे केसमध्ये परत लावण्याऐवजी ते सरळ वितळवून दुसऱ्या दिवशी नवे पाडणंच परवडू लागलं.

या शर्यतीत मुंबईचा एक माणूस उतरला, आणि तो उतरला याचं कौतुक आपल्याकडे पुरेसं झालेलं नाही. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म 1867 सालचा, मुंबईतला. पोरवयातच त्यांनी घरी कोळशाचा वायू करण्याचं उपकरण जुळवलं होतं. पोटासाठी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी, आणि उरलेला वेळ यंत्रांच्या जुळणीला. शास्त्रविषयक मंडळ काढलं, दृष्टिभ्रमाचे प्रयोग बसवले, ते इंग्लंडातही करून दाखवले. लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकानं किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा लावली, तेव्हा मुंबईत बसून केलेल्या त्यांच्या आराखड्याला बक्षीस मिळालं. दिनशा वाच्छांची शिफारस घेऊन ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनला गेले. तिथे दादाभाई नौरोजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

भिसे यांनी लंडनमध्ये विजेवर चालणाऱ्या जाहिरात-पाट्यांपासून स्वयंपाकघरातल्या उपकरणांपर्यंत बरंच काही केलं. त्यांचा ध्यास मात्र खिळ्याचा. यंत्राचा वेग वाढवायला गेलं की साचा तापतो, धातू गोठायला वेळ मिळत नाही, खिळ्यात पोकळ्या राहतात. एकाच साच्यावर ताण देण्यापेक्षा अनेक साच्यांतून एकाच वेळी वेगवेगळे खिळे पाडता आले तर? त्या वाटेनं त्यांनी जे यंत्र घडवलं त्याला भिसोटाइप म्हणत. प्रस्थापित टाइप फाउंड्र्यांतल्या जाणकारांनी आधी ते अशक्य ठरवलं होतं. यंत्र चाललं, पण ते बाजारात आणायला भांडवल हवं होतं आणि तिथेच घोडं अडलं. ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हिंडमन यांनी पैसे उभे करण्याची खटपट केली, ती फसली.

1908च्या अखेरीस हात हलवत परत येताना बोटीवर त्यांना गोपाळ कृष्ण गोखले भेटले. गोखल्यांनी या माणसाचं मोल ओळखून शब्द टाकला आणि जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी पैसा पुरवला. भिसे पुन्हा लंडनला गेले. महायुद्ध, खर्च आणि मग रतन टाटांचा आजार यांनी ही वाटही अरुंद केली. 1916 साली भिसे न्यू यॉर्कला पोचले, तिथे नव्यानं सुरुवात करून त्यांनी ‘आयडियल’ नावाचं टाइप कास्टर सिद्ध केलं आणि त्यासाठी कंपनीही काढली. आयोडीनवर आधारलेलं ‘ॲटोमिडाइन’ हे त्यांचं औषध अमेरिकेत खपलं. त्यांच्या नावावर चाळीसच्या आसपास पेटंटं लागली आणि त्यांना हिंदी एडिसन म्हणत. 1935 साली न्यू यॉर्कमध्येच ते वारले. खिळ्यांच्या धंद्यात शेवटी सरशी लायनोटाइप आणि मोनोटाइप या दोन बलाढ्य घराण्यांची झाली. पण विशीतल्या विद्यार्थ्यानं भिसे यांच्या पराभवापेक्षा त्यांच्या कामाची रीत पाहावी. ते छापखान्याच्या धंद्यात वाढलेले नव्हते. त्यांनी चालू यंत्र उघडून पाहिलं, ते कुठे तुंबतं ते शोधलं आणि त्या एका जागी वीस वर्षं घाव घातले.

मराठीपुढचा प्रश्न मात्र वेगाचा नव्हता, संख्येचा होता. लायनोटाइपच्या 90 कळांत शेकडो देवनागरी रूपं बसवायची कशी? लोकमान्य टिळकांनीही ‘केसरी’साठी खिळे कमी करण्याचा विचार गंभीरपणे केला होता. सावरकरांच्या लिपिसुधारणेत स्वतंत्र स्वरांऐवजी अ लाच काने-मात्रा देऊन अि, अी, अु लिहिण्याची सूचना होती. ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या जुन्या अंकांत हे वळण आजही वाचायला मिळतं. त्यात भाषाप्रेमाइतकाच केसमधल्या घरांचाही हिशेब होता. 1930च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये हरी गोविल यांनी लायनोटाइप कंपनीबरोबर देवनागरीचं यंत्र सिद्ध केलं, त्यासाठी अक्षरांच्या रूपांना पुष्कळ कात्री लावावी लागली. यंत्रासाठी लिपी वाकवायची की लिपीसाठी यंत्र, हा वाद तेव्हापासून रंगला.

त्याचा निकाल लिपीच्या बाजूनं लागला तो संगणकावर. मुंबईत अनेक वर्षं अक्षररचना शिकवणारे र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा देवनागरी फाँट केला. आजच्या अशा फाँटमध्ये अक्षर वेगळं साठवलेलं असतं, मात्रा वेगळी, उकार वेगळा, आणि कोणती खूण कोणत्या अक्षरावर नेमकी कुठे बसायची याचे बिंदू आखून दिलेले असतात. जोडाक्षरांसाठी नियमांचं वेगळं कोष्टक असतं, त्यामुळे ‘क्ष’ असो की ‘र्त्स्य’, कळफलकावरच्या कळा वाढवाव्या लागत नाहीत. ग्रॅहम यांनी शिशात पाडलेले तीन मजलेच हे. कंपॉझिटरच्या वाट्याची तिप्पट जुळणी तेवढी आता प्रोसेसर करतो.