मकर : मगर की बोकड?

मकर राशीचे चित्र कोठे मगरीचे असते, तर कोठे माशाच्या शेपटीच्या बोकडाचे. यातले खरे कोणते, असे मुलांनी विचारले तर?

बोकड-मासा मूळचा बाबिलोनचा. तेथील जलदेव एआ याचे ते चिन्ह. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ग्रीकांकडून राशी आपल्याकडे आल्या. पण पाण्यातला एक मिश्र प्राणी आपल्या शिल्पकारांजवळ आधीच होता. मगरीचा जबडा, माशाची शेपटी, पुढे हत्तीची सोंडही. बिहारमधील लोमश ऋषी लेण्याच्या कमानीवर इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातले मकर आहेत. राशीला त्याचेच नाव मिळाले. सहाव्या शतकात वराहमिहिराने मात्र मकर हरणाच्या तोंडाचा सांगितला. बोकड पुरता गेला नव्हता, असे आम्हांला वाटते.

वऱ्हाडाला समुद्र नाही, तरी मकर येथे परका नाही. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम (१९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात), येथून राज्य करी. तिच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदविले. अजिंठ्याच्या दारांवर मकरावर उभ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. 'मगर' हा शब्दही 'मकर'वरूनच आला. अमरावती-अकोल्याहून सहल नेलीत तर जबडा कोणाचा, सोंड कोणाची, शेपटी कोणाची, हे मुलांनाच शोधू द्यावे.