शाळा उघडणे आणि शाळा भरणे
चांदा-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील साथींच्या इतिहासाचा एक विचार

मराठीत बाजार भरतो, यात्रा भरते, सभा भरते आणि शाळाही भरते. ह्या सर्व प्रयोगांत ‘भरणे’ ह्या क्रियापदाचा अर्थ एकच आहे : ठरलेल्या स्थळी, ठरलेल्या वेळी माणसे एकत्र येणे. ‘उघडणे’ हे क्रियापद मात्र दाराचे आहे. कुलूप काढले की शाळा उघडते. ती भरते मुले आल्यावर. नित्याच्या दिवसांत ह्या दोन क्रियांमध्ये काही घटकांचेच अंतर असते, म्हणून त्यांतील भेद आपल्या ध्यानात येत नाही. साथीच्या काळात हे अंतर महिन्यांचे, क्वचित वर्षांचे होते. इतिहासलेखकापुढे असणारी शासकीय कागदपत्रे बहुधा शाळा उघडल्याची तारीख सांगतात. शाळा केव्हा भरली, हे त्यांतून कळत नाही. २०२० ते २०२२ ह्या काळातील करोना साथीचा विचार चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांपुरता करून हा भेद तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(१) पूर्वीच्या दोन साथी

महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासात साथ व शिक्षण ह्यांचा संबंध प्रथम ठळकपणे दिसतो तो १८९६ साली सुरू झालेल्या प्लेगच्या वेळी. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांविषयीचा कायदा संमत झाला. पुण्यातील घरतपासणी, सक्तीचे स्थलांतर आणि २२ जून १८९७ रोजी झालेला रँडवरील हल्ला ह्या गोष्टी सर्वपरिचित आहेत. शिक्षणाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची घटना त्याआधी घडली होती. मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या सावित्रीबाई फुले ह्यांनी डॉ. यशवंत ह्यांच्यासमवेत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांनी १९०० साली आपला आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास नेला, त्यामागेही शहरातील प्लेग हे एक कारण होते. शिक्षिका कुटुंबांच्या दारी गेली आणि शाळा गावाबाहेर गेली. परंतु ही कार्ये व्यक्तींच्या पुढाकाराने झाली. साथीच्या काळात शाळेने कुटुंबास काही द्यावयाचे असते, ही कल्पना सरकारच्या व्यवहारात तेव्हा नव्हती.

दुसरी साथ १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाची. लोकांनी तिला ‘मानमोडी’ हे नाव दिले. ‘मान’ आणि ‘मोडणे’ ह्यांपासून सिद्ध झालेला हा स्त्रीलिंगी शब्द मरी, पटकी ह्यांच्या पंक्तीला जाऊन बसला. चांदा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या प्रांतात होता. आजचा गडचिरोली जिल्हा त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. सर्वाधिक मृत्यू झालेल्या प्रांतांत ह्या प्रांताची गणना होते. त्याच वर्षी पाऊस अपुरा पडला होता, त्यामुळे तापाच्या जोडीला धान्याची टंचाई आली. १९२१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १९११ पेक्षा किंचित कमी भरली, हे सर्वश्रुत आहे.

मानमोडीचे एक लक्षण प्रस्तुत विषयाशी निगडित आहे. ह्या रोगाने म्हाताऱ्या माणसांपेक्षा साधारण २० ते ४० वर्षे वयाची माणसे अधिक नेली, आणि भारतात स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा अधिक झाले. म्हणजे शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांचे आईबाप, विशेषतः माता, तिला बळी पडल्या. परंतु ह्या प्रांताचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० सालचा. वनप्रदेशातील बहुसंख्य मुलांचा शाळेशी संबंधच आलेला नव्हता, त्यामुळे शाळेच्या अंगाने त्यांच्या हानीची नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता.

(२) मधल्या शंभर वर्षांत पालटलेली शाळा

१९१८ आणि २०२० ह्यांच्या दरम्यान शाळा ह्या संस्थेचे स्वरूप मुळातून पालटले. शाळेतील आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झाली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिला शिजवलेल्या अन्नाचे रूप आले. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व त्यातून पालकांचे बहुमत असलेली शाळा व्यवस्थापन समिती आली. वनप्रदेशात ह्यांच्या जोडीला आश्रमशाळा आहेत. तेथे शिक्षणासह निवास, भोजन, कपडालत्ता व औषधपाणी ह्यांचीही सोय होते. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि तीन वर्षांनी तेथे आश्रमशाळा निघाली, हे ह्या प्रकारचे सुपरिचित उदाहरण. अशा रीतीने शाळा ही कुटुंबाच्या चरितार्थाचा एक भाग बनली होती. तिचे दार लागले म्हणजे पाठ बंद झाला, एवढाच त्याचा अर्थ उरला नव्हता.

(३) मार्च २०२० नंतर

मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील प्रथम शहरी व लगोलग ग्रामीण शाळा बंद झाल्या. ह्या वेळीही शासनाने आधार घेतला तो १८९७ च्या कायद्याचाच. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चंद्रपूर जिल्ह्यात पहिला रुग्ण मे महिन्याच्या आरंभी व गडचिरोलीत त्या महिन्याच्या मध्यास आढळला. येथे रोगाच्या आधी त्याचा प्रतिबंध पोहोचला आणि प्रतिबंधाचे परिणाम रोगाच्या परिणामांपूर्वी भोगावे लागले. ‘टाळेबंदी’ हा शब्द तोवर मालकाने गिरणीस वा कारखान्यास टाळे लावण्यापुरता होता; त्या महिन्यात तो घराघराचा झाला.

भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे गाव ह्या परिणामांचा विचार करण्यास सोयीचे आहे. इरई जलाशयाच्या काठचे हे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रमुख प्रवेशद्वार होय. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे आणि दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. वाटाडे, जिप्सीचालक, निवासगृहांतील कामगार अशा अनेकांचा रोजगार पर्यटनावर चालतो. मार्चमध्ये थांबलेले गाभाक्षेत्रातील पर्यटन ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा सुरू झाले आणि एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा थांबले. ह्या प्रदेशाची दुसरी मिळकत वनोपजाची. मार्च-एप्रिल हे मोहफुले वेचण्याचे व मे हा तेंदूपत्त्याच्या फळीचा महिना. टाळेबंदी नेमकी ह्याच हंगामावर आली. मिरचीतोडणीसाठी तेलंगणात गेलेले चंद्रपूर-गडचिरोलीतील हजारो मजूर तिकडे अडकले व पुष्कळांनी परतीची वाट पायी तुडवली. अशा कुटुंबांत लहान मुले बरोबर नेण्याची रीत असल्याने मुलाच्या शाळेचा प्रश्न आणि बापाच्या मजुरीचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न नव्हते.

१८ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतः दखल घेऊन बंद शाळांतील मुलांच्या आहाराविषयी राज्यांस विचारणा केली. महाराष्ट्रात तांदूळ व कडधान्ये शिध्याच्या रूपाने पालकांना देण्यात आली. जे काम स्वयंपाकिणीच्या चुलीवर होत असे ते आता शिक्षकाच्या वजनकाट्यावर आले. पाठ्यपुस्तके घरपोच करणे, स्थलांतरितांच्या मुलांच्या याद्या करणे, गावातील सर्वेक्षणे ह्यांचाही भार शिक्षकांवर पडला. आदिवासी विकास विभागाने ‘अनलॉक लर्निंग’ हा उपक्रम काढून आश्रमशाळांच्या शिक्षकांना मुलांच्या गावी पाठविले. पुढे २०२१ साली ज्या मुलांचे दोन्ही पालक करोनाने मृत्यू पावले त्यांच्या नावे राज्याने ५ लाख रुपयांची मुदतठेव ठेवण्याचे ठरविले, आणि विधवा व अनाथ बालकांसाठी ‘मिशन वात्सल्य’ हाती घेतले. १९१८ मध्ये जी मुले कोणत्याही नोंदीत आली नव्हती, तशी मुले ह्या वेळी नोंदीत आली. शंभर वर्षांतील हा फरक लहान नव्हे. आणि तो घडून आला ह्याचे एक कारण गावोगावी शाळेचा पट होता, हे विसरता येणार नाही.

(४) घरची भाषा आणि शाळेची लिपी

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे शासनाच्या उपक्रमाचे नाव होते. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका, आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’, आणि सर्वत्र भ्रमणध्वनीवरून पाठविलेले पाठ, अशी ही व्यवस्था होती. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार २०२० साली ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न त्या वेळी पुष्कळांनी विचारला. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्याआधीचा एक प्रश्न विचारला पाहिजे : जो पाठ घरी पोहोचला तो घरच्या भाषेत होता काय?

मोहर्लीच्या परिसरात मराठी सर्वत्र कानांवर पडते. पूर्वेस व दक्षिणेस जावे तसतशी परिस्थिती पालटते. एटापल्ली, भामरागड ह्या तालुक्यांत माडिया ही घराची व पाड्याची भाषा आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या भारतात सुमारे ३० लाख होती, तरीही ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली, ह्यावरून ही उणीव गावांनाही जाणवत होती असे दिसते.

बोली घरी टिकते; लिपी सरावाने टिकते. मराठी घरातील मूल ‘पाऊस’ हा शब्द वाचते तेव्हा ते ओळखीच्या ध्वनीला नवे चिन्ह जोडत असते. माडिया घरातील मुलाला चिन्हही नवे आणि शब्दही नवा. पहिल्याचा सराव तुटला तर चिन्हे विसरली जातात, पण शब्द घरात ऐकू येतच राहतो. दुसऱ्याची शाळा तुटली की चिन्ह व शब्द दोन्ही एकदम जातात, कारण ती मराठी ऐकण्याचे त्याचे प्रमुख स्थानच शाळा होते. म्हणून बंदीचे महिने सर्वांसाठी सारखे मोजले गेले, तरी त्यांचे मोल सारखे नव्हते. ह्या मुलांनी त्या काळात काहीच शिकले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. घर, रान व हंगाम ह्यांच्या सहवासात त्यांचे मातृभाषेतील शब्दज्ञान वाढले असणे अगदी स्वाभाविक आहे. केवळ शाळेच्या मापनात त्याला रकाना नव्हता.

१ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यासक्रम’ राबविण्यात आला. मागील इयत्तेतील महत्त्वाचा भाग विषयवार उजळविणे, ही त्याची रचना होती. हा सेतू दोन इयत्तांना जोडणारा होता; घरची भाषा व शाळेची भाषा ह्यांमधील ओढ्यावर तो बांधलेला नव्हता. वनप्रदेशात गरज होती ती ह्या दुसऱ्या सेतूची.

(५) उघडण्याच्या तारखा

शाळा उघडण्याचा क्रम असा आहे. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करण्यास अनुमती मिळाली. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद झाले. १५ जुलै २०२१ पासून करोनामुक्त गावांत आठवी ते बारावी, ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, आणि १ डिसेंबर २०२१ पासून पहिली ते चौथी असा पुढचा क्रम होता. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा खंड पडून २४ जानेवारीपासून शाळा सुरू झाल्या.

ह्या तारखांचा अर्थ मुलाच्या बाजूने लावून पाहावा. मार्च २०२० मध्ये जोडाक्षरांशी नुकतीच ओळख होत असलेले दुसरीतील मूल डिसेंबर २०२१ मध्ये वर्गात आले तेव्हा ते चौथीत होते. जून २०२० मध्ये पहिलीत ज्याचे नाव घातले गेले त्याने वर्गात प्रथम पाऊल ठेवले ते दुसरीचा विद्यार्थी म्हणून, आणि तेही निम्मे वर्ष उलटल्यावर. सर्वांत लहान मुलांचा वर्ग सर्वांत शेवटी उघडला. संसर्गाच्या दृष्टीने ह्या क्रमाचे समर्थन तेव्हा केले गेले. लिपीच्या दृष्टीने हा क्रम उलटा होता.

त्यातच नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ ह्या काळात राज्य परिवहनाच्या कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. मानव विकास कार्यक्रमातील मुलींसाठीच्या निळ्या गाड्याही परिवहन महामंडळामार्फतच चालतात. ज्या प्रदेशात शाळेची वाट रानातून जाते आणि रानात वाघाचा वावर आहे, तेथे गाडी नसणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. शाळा उघडली होती. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींपुरती ती भरण्यास आणखी अवधी होता.

(६) समारोप

२०२२ च्या ‘असर’ पाहणीत दोन आकडे शेजारी शेजारी आढळतात. ग्रामीण भारतात ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांची शाळेतील नोंदणी २०१८ मधील ९७.२ टक्क्यांवरून ९८.४ टक्क्यांवर गेली. त्याच काळात तिसरीतील मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २७.३ वरून २०.५ टक्क्यांवर उतरले. पहिला आकडा पटाचा आहे व दुसरा वाचनाचा. पहिल्यावरून कुटुंबांचा शाळेवरील विश्वास अभंग राहिला असे अनुमान निघते. दुसऱ्यावरून त्या विश्वासाची परतफेड अद्याप व्हावयाची होती, हे दिसते.

ह्या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक अशी की, शाळा भरविण्याची तयारी ती बंद असतानाच सुरू व्हावी लागते, आणि ती शिधा, मजुरी, वाहन व भाषा ह्या चारही अंगांनी व्हावी लागते. २०२० ते २०२२ मध्ये पहिल्या अंगाकडे पुष्कळ आणि शेवटच्या अंगाकडे फार थोडे लक्ष गेले. दुसरी गोष्ट अभ्यासकांसाठी आहे. मानमोडीच्या काळातील ह्या प्रदेशातील मुलांविषयी आपण आज फारसे काही लिहू शकत नाही, कारण त्यांचे पटच नव्हते. ह्या वेळचे पट, शिधावाटपाच्या वह्या, व्यवस्थापन समित्यांची इतिवृत्ते व गृहभेटींच्या नोंदी गावोगावच्या शाळांच्या कपाटांत आहेत. वाळवी व पावसाळा ह्यांच्या आधी ती साधने गोळा करून जतन करणे, आणि त्यांच्या जोडीने मुलांच्या व मातांच्या मौखिक कथनांचा संग्रह त्यांच्याच भाषेत करणे, हे विद्यापीठांतील विभागांचे काम होय. जी मुले तेव्हा दुसरीत होती त्यांचे बोलणे आज ऐकता येते. शंभर वर्षांनी ते केवळ अनुमानाने लिहावे लागेल.