गोळीच्या बाटलीची गोष्ट



स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा सातवी शिकलेल्या बाईने इतिहास काय लिहावा, असे वाटले. पण आमच्या माळ्यावर गोळीच्या सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांचे एक खोके आहे. तेथूनच आरंभ करते.

पाण्यात वायू मुरविण्याची युक्ती इंग्लंडात जोसेफ प्रीस्टले यांना १७६७ साली साधली. परंतु बाटलीत वायू कोंडून ठेवायचा कसा? १८७२ साली हायरम कॉड या इंग्रजाने त्यासाठी गोळीच्या बाटलीचे पेटंट घेतले. तिच्या गळ्यात काचेची गोळी व तोंडाशी रबराची कडी असते. बाटली उलटी धरून भरतात. मग आतला वायू गोळीला कडीवर दाबून धरतो. वेगळे बूच नको. वायू आपल्यामागे आपणच दार लावून घेतो!

आपल्याकडे हा धंदा वाढविला तो मुख्यत्वे पारशी व इराणी मंडळींनी. मुंबईत पालनजी १८६५ पासूनचे, तर पुण्यात अर्देशीर १८८४ पासूनचे. १८८९ साली दिनशाजी पंडोल यांनी मुंबईत ड्यूक सुरू केले. हे गृहस्थ क्रिकेट खेळणारे. चेंडूच्या विलायती छापावरून त्यांनी हे नाव घेतले. पारशी लग्नाच्या जेवणात लालभडक रासबेरीचा मान मोठा असे.

पुढे पत्र्याच्या बिल्ल्याची बाटली आली. हा बिल्ला अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी १८९२ साली काढला. आमच्या लहानपणी गोल्ड स्पॉटचे बिल्ले आम्ही मुले गोळा करीत असू. १९७७ साली कोका-कोला हा देश सोडून गेली. त्याच वर्षी पार्लेचे थम्स अप आले, आणि सरकारी कंपनीनेही ‘डबल सेव्हन’ नावाचे पेय काढले. कोका-कोला परतली व १९९३ साली तिने पार्लेचे छाप विकत घेतले. १९९४ साली ड्यूक पेप्सीकडे गेले. या मोठ्या कंपन्यांची रीत अशी, की त्या अर्क देतात, आणि ठिकठिकाणचे बाटलीवाले त्यात पाणी, साखर व वायू घालून बाटल्या भरतात. नाव एकाचे, मेहनत दुसऱ्याची.

हे वाचताना मला सासूबाई आठवल्या. आमच्या घरी पूर्वी गोळीचा सोडा भरीत. यंत्राचे चाक मामंजी फिरवीत, म्हणून लोक त्यांना सोडावाले म्हणत. पण बाटल्या धुवायच्या सासूबाईंनी. आपल्या पेठचा पाऊस धो धो, तरी चैत्र लागला की विहिरी तळ गाठतात. आणि सोड्याला गिऱ्हाईक तेव्हाच! त्या पहाटे उठून हंड्याहंड्याने पाणी आणीत, एकेक बाटली ब्रशाने घाशीत व उजेडाकडे धरून पाहत. एकदा भरलेली बाटली हातात फुटली. त्याचा वण तळहातावर अजून आहे.

पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, आणि पिऊन फेकून देण्याची चाल पडली. मामंजींनी यंत्र मोडीत घातले. बाटल्यांचे खोके मात्र सासूबाईंनी देऊ दिले नाही. आम्ही सुना त्यावरून कुरकुर करीत असू, हे आज कबूल करते.

परवा मी त्यांना विचारले, “आत्याबाई, स्मरणिकेत तुमचे नाव घालू का?”

त्या म्हणाल्या, “नाव कशाला? एवढेच लिही, आमच्या बाटलीत कधी कचरा निघाला नाही.”

ते मी येथे लिहून ठेविले आहे. छापांची नावे पुस्तकांत सापडतात. हे कोठे सापडले नसते. आपल्याही घरांत अशी एखादी आत्याबाई असेल. तिला विचारून ठेवा, एवढीच विनंती.