बटाट्याचें गोत्र

कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता आळेफाटा व बेल्हे हीं गांवें मागें टाकून घाट चढतो, त्या घाटाच्या माथ्यावर जुन्नर तालुक्यांतील आणे हें गांव वसलेलें आहे. पठार कोरडें, पाऊस बेताचा. पौष महिन्यांत येथें रंगदास स्वामींची पुण्यतिथि होते, आणि त्या दिवशींच्या प्रसादाची, म्हणजे मोठाल्या कढयांत शिजलेल्या आमटीची व बाजरीच्या भाकरीची, कीर्ति दूरवर पसरलेली आहे. त्या पंगतीस एकदां आम्ही बसलों असतां आमच्या शेजारीं एक जुने स्नेही होते. ते भाषाशुद्धीचे कडवे अभिमानी. मुलांसाठीं एक शब्दसंग्रह रचीत होते, आणि त्यांत परकी शब्दांस थारा द्यावयाचा नाहीं असा त्यांचा निश्चय होता. 'बटाटा' या शब्दापाशीं त्यांची गाडी अडली होती. त्याच्या जागीं 'आलुक' हा संस्कृत शब्द घालावा असें त्यांच्या मनांत होतें, व आमचें मत त्यांस हवें होतें. पंगतींत आमच्यानें पुरतें उत्तर देववलें नाहीं. तें येथें देत आहों.

बटाट्याचें माहेर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत. तेथील क्वेचुआ भाषेंत त्यास 'पापा' म्हणत. 'बटाटा' हा शब्द मात्र त्याचा नव्हेच. तो कॅरिबियन बेटांतील टायनो लोकांचा असून त्याचा अर्थ रताळें. स्पॅनिश खलाशांनीं रताळें आधीं पाहिलें, बटाटा मागाहून. आणि दोन्ही कंदांच्या नांवांची अशी कांहीं सरमिसळ झाली कीं, इंग्रजांचा 'पोटॅटो' देखील प्रथम रताळ्यालाच उद्देशून होता. आमच्याकडे हा शब्द पाव, कोबी, चावी, घमेलें यांच्याबरोबर पोर्तुगीजांकडून आला. रताळ्यास आमच्यापाशीं स्वतःचें नांव होतें, म्हणून हा आगंतुक शब्द बटाट्याच्या वांट्यास आला.

परंतु युरोपांत याहून मौजेची गोष्ट घडली, आणि ती इटलींत. इटालियन लोकांनीं हा नवा कंद जमिनींतून निघतांना पाहिला आणि त्यास आपल्या परिचयाच्या एका जिनसेचें नांव देऊन टाकलें. त्यांच्या रानांत भुईखालीं एक सुगंधी बुरशी सांपडते. तिचें लॅटिन नांव 'भूमीचा कंद' अशा अर्थाचें, व त्यावरूनच इटालियन भाषेंत 'टार्टुफो' आणि त्याचें लघुत्वदर्शक रूप 'टार्टुफोलो' हीं झालीं. १५८८ सालीं क्लूसियस नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञास व्हिएन्ना येथें बटाट्याचे कंद भेट मिळाले. त्यासंबंधींच्या टिपणांत हेंच इटालियन नांव थोड्या मोडलेल्या रूपांत आढळतें. पुढें जर्मनांनीं तें उचललें. एकाच शब्दांत दोन त-कार त्यांच्या जिभेस जड झाले असावेत. पहिल्याचा क-कार झाला, आणि 'कार्टोफेल' तयार झाला. १७५६ मध्यें प्रशियाच्या फ्रेडरिक राजानें या पिकाच्या लागवडीचा हुकूम काढला. शब्द पिकाबरोबर चालला: डेन्मार्कांत, रशियांत 'कार्टोफेल', रुमानियांत व बल्गेरियांत 'कार्टोफ', एस्टोनियांत 'कार्टुल'. इटालियन 'टार्टुफोलो' पुल्लिंगी होता, जर्मनीच्या उंबरठ्यावर तो स्त्रीलिंगी झाला. आणि इटालियन लोक? त्यांनीं सावकाश स्पॅनिशांचा 'पाटाटा' स्वीकारला. 'टार्टुफो' पुन्हा आपल्या बुरशीकडे परत गेला. अर्ध्या युरोपास नांव पुरवून घरधन्यानें स्वतः उसनें घेतलें, अशी ही नवलाई आहे. (मोलिएरच्या १६६४ सालच्या नाटकांतील ढोंगी नायकाचें 'टार्टुफ' हें नांवही या बुरशीच्याच नांवाशीं जोडतात. बटाट्याचा मात्र त्याच्या ढोंगाशीं कांहीं संबंध नाहीं.)

फ्रेंचांनीं निराळी युक्ति केली. 'भूमीचें सफरचंद' असा समास त्यांनीं रचला. डचांचाही तसाच आहे.

आमच्या स्नेह्यांस हें सांगण्याचें कारण असें कीं, या तिन्ही रीती मराठीनें कोणाच्या शिकवणीवांचून चालविल्या आहेत, आणि त्यांतील दोन तर त्या दिवशीं आमच्या ताटाच्या आसपासच होत्या. आमटींतील मिरची अमेरिकेची. ती आली तेव्हां आमच्या पूर्वजांनीं मिऱ्याचें जुनें 'मरिच' हें नांव, इटालियनांच्याच रीतीनें, तिच्यावर चढविलें. तिखटपणा हा एक समान धर्म त्यांस पुरेसा वाटला. रताळ्याची गोष्टही तीच. संस्कृतांतील 'रक्तालु' हा तांबड्या कंदाचा वाचक. तो अमेरिकेहून आलेल्या कंदास चिकटला आणि 'रताळें' झाला. भुईमूगही तिकडचाच, परंतु त्याचें नांव फ्रेंचांच्या थाटाचा अस्सल देशी समास आहे. म्हणजे मिरची, रताळें व भुईमूग हे परके असून नांवामुळें घरचे ठरले, आणि बटाट्यानें आपलें जुनें नांव सोडलें नाहीं एवढाच त्याचा अपराध! एकादशीच्या फराळांत मात्र हे चौघेही मांडीला मांडी लावून बसतात, आणि या मातींतली बाजरी त्या दिवशीं वर्ज्य असते.

आतां 'आलुक' याविषयीं. हिंदी लोकांचा 'आलू' याच घराण्यांतील, हें खरें. पण फारशींत 'आलू' म्हणजे एक आंबटगोड फळ. आलुबुखार म्हणजे बुखाऱ्याचें तें फळ. आणि मराठींत या घराण्याचा वारस परसांत आधींच उभा आहे, त्याचें नांव अळू. शब्दसंग्रह वाचून कोणी बेल्ह्याच्या बाजारांत आलुक मागितलाच, तर त्याच्या पिशवींत फदफद्याचीं पानें पडावयाचीं.

शिवनेरीवर जन्मलेल्या राजानें १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करविला, हें उदाहरण आमचे स्नेही नेहमीं देतात. त्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु दफ्तरांतील शब्द आज्ञेनें बदलतां येतो, कारण तेथें लिहिणारे मोजके असतात व ते आज्ञाधारक असतात. आंबेगांवच्या सातगांव पठारावर पावसाळी बटाटा लावणाऱ्या शेतकऱ्यास आज्ञा कोण करणार? आणि त्यानें तर या शब्दाचें मराठीकरण केव्हांच केलें आहे. पोर्तुगीजांचा स्त्रीलिंगी शब्द त्यानें पुल्लिंगी केला, दंत्य त-कारांचे ट-कार केले, आणि घोडा, घोडे, घोड्याचा या वळणावर बटाटा, बटाटे, बटाट्याचा असा चालविला. ज्या शब्दास आमच्या विभक्ति लागल्या, सामान्यरूप झालें, वड्याशीं ज्याचा समास झाला, तो शब्द परका कसा म्हणावा, हें आम्हांस समजत नाहीं. शुद्धि करावयाचीच तर ती ज्यांस अद्याप मराठी प्रत्यय नीट बसत नाहींत अशा शब्दांची करावी. तसे शब्द आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांच्या बोलण्यांतच पुष्कळ सांपडतील.

हें सारें आम्हीं स्नेह्यांस पत्रानें कळविलें. त्यांचा शब्दसंग्रह पुढें तयार झाला. त्यांत 'बटाटा' आहे. पुढें कंसांत 'परकी' अशी खूण आहे. 'मिरची'पुढें खूण नाहीं.