‘जोगवा’ : सुटकेच्या अलीकडे आणि पलीकडे

राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ (२००९) हा यल्लम्मा देवीला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींच्या जीवनावरील मराठी चित्रपट. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा यांच्या आधारे संजय कृष्णाजी पाटील यांनी त्याची पटकथा लिहिली.

केसांत जट आढळल्यामुळे सुलीला (मुक्ता बर्वे) देवीला सोडले जाते. तायप्पाचे (उपेंद्र लिमये) दुखणे हा देवीचा कोप ठरतो आणि त्याला लुगडे नेसवून जोगता केले जाते. पुढे दोघांत प्रेम जडते आणि ती दोघे हे बंधन झुगारतात. मात्र चित्रपटातील खरा संघर्ष मनातला आहे. पळून जाण्याची वाट गावाबाहेर असते, कोपाची भीती मात्र माणसासोबत चालत राहते.

बाह्य खुणा आणि मनाची गुलामी यांचे हे नाते महाराष्ट्राला नवे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत व दागिने टाकून देण्यास सांगितले. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमधील सभेत त्यांनी देवदासी, जोगतिणी, मुरळ्या व पोतराज यांनाही ते जिणे सोडण्याचे आवाहन केले.

कायद्यानेही ही दारे उघडली. १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने देवाला सोडलेल्या स्त्रीचा विवाह वैध ठरवला. कर्नाटकाने १९८२ मध्ये व महाराष्ट्राने २००५ मध्ये नवे कायदे केले. तरीही संसार मांडताना घर, रोजगार आणि आप्तांचा स्वीकार हे प्रश्न उरतातच. जट म्हणजे केस न विंचरल्याने झालेला गुंता. तो कात्रीने सुटतो. पण अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना कात्री हाती घेण्याआधी त्या स्त्रीची व घरच्यांची भीती दूर करावी लागते.

सुली आणि तायप्पा यांची कथा जिथे थांबते, तिथूनच प्रत्यक्षातील अवघड भाग सुरू होतो.

२००८ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत लिमये, संगीतकार अजय-अतुल आणि ‘जीव रंगला’ या गीतासाठी हरिहरन व श्रेया घोषाल यांचा गौरव झाला. राजीव पाटील यांचे २०१३ मध्ये निधन झाले.