यादी करणारी माणसं

बहात्तरच्या दुष्काळाचं बोलणं निघालं की आमची आजी पावसाआधी खडी सेंटरचं, म्हणजे दुष्काळी कामावर खडी फोडायच्या जागेचं, सांगायची. बिडकीनजवळ पैठण रस्त्याच्या कडेला बाया ओळीनं बसायच्या. हातोडीचा घाव लागू नये म्हणून बोटांत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवलेले. संध्याकाळी मुकादम ढीग मोजायचा. माप कमी भरलं की मजुरी कापायचा. पोरांना सुकडी आणि घरी तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी. "थापताना तुटायची," ती म्हणायची.

पगार थकला तेव्हा लाल बावट्याची माणसं सेंटरवर आली. त्यांनी भाषण थोडं केलं, यादी नीट केली: कोणाचे किती दिवस भरले, कोणाचे किती पैसे अडले. ती यादी घेऊन बाया पैठणच्या तहसिलीवर गेल्या. "भीक नाही मागत, काम मागतो अन् केल्याचे पैसे मागतो," हे आजीचं वाक्य तिच्या तोंडून आम्ही सगळ्या नातवंडांनी ऐकलंय.

तेव्हा वसंतराव नाईकांचं सरकार होतं आणि १९७२च्या निवडणुकीत काँग्रेसनं २७० पैकी २२२ जागा जिंकल्या होत्या. सभागृहात विरोधक मूठभर. पण मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती, आणि त्यांच्यात कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, लाल निशाणचे कार्यकर्ते मोर्चे बांधत होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे काँग्रेसचेच. कामाच्या हमीचा त्यांचा विचार साठच्या दशकात तासगाव तालुक्यात करून पाहिलेला होता. त्या विचाराला जोर मिळाला तो या गर्दीतून. १९७५मध्ये व्यवसाय कर आला, शहरातल्या पगारदारांचा पैसा खेड्यातल्या कामाला लागला. १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर भत्ता द्या, असं सरकारनं स्वतःवर बंधन घालून घेतलं.

एकटा पुढारी पक्ष वळवू शकत नाही, हे सांगताना आजोबा केशवराव जेध्यांचं उदाहरण द्यायचे. जेधे, शंकरराव मोरे काँग्रेसमधून निघाले, शेतकरी कामगार पक्ष उभा केला; १९५४मध्ये जेधे परत काँग्रेसमध्ये गेले. "पुढारी वळला, पक्ष होता तिथंच राहिला," असं ते म्हणायचे. आमचं गाव निजामाच्या मुलखातलं. इथल्या कुळांना १९५०च्या कायद्यानं संरक्षण मिळालं, त्यामागेही तेलंगणातल्या शेतकऱ्यांचा लढा होता, हे ते आवर्जून सांगायचे.

मला आजी-आजोबांचं म्हणणं एकच वाटतं. सत्तेतला पक्ष डावीकडे सरकतो, पण आत शिरलेल्या चार चांगल्या माणसांच्या भरवशावर नाही. आतल्या पाग्यांना बाहेरच्या लाखोंची साथ लागते. आणि सरकलेला पक्ष मागे फिरू नये म्हणून कायदा लागतो. २००५चा देशव्यापी रोजगार हमी कायदाही असाच झाला: डाव्यांच्या सुमारे ६० खासदारांचा सरकारला बाहेरून पाठिंबा, आणि रस्त्यावर कामाचा हक्क मागणाऱ्या संघटना.

आज बिडकीनच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहतेय. ज्यांची जमीन गेली त्यांची पोरं उद्या तिथं कंत्राटावर लागतील. कोणता पक्ष आपला, हा वाद त्यांनी खुशाल घालावा. पण आधी एकत्र बसून कोणाचे किती दिवस भरले आणि किती पैसे अडले, याची यादी करावी. पक्ष त्या यादीकडे बघूनच वळतात.